तोक्यो–सोल संबंध रुळावर आणताना: आधी काय, मग काय आणि कुठे बिघडतं

दोन शेजारी देशांचं बिनसलं की पहिली सूचना येते ती नेत्यांची भेट घडवून आणण्याची. जपान आणि दक्षिण कोरियाच्या बाबतीत या सूचनेने अनेकदा घात केला आहे. डिसेंबर २०११ मध्ये क्योतोला जपानचे पंतप्रधान योशिहिको नोदा आणि कोरियाचे राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक भेटले. हातात ठरवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे 'कम्फर्ट विमेन'च्या, म्हणजे युद्धकाळात जपानी सैन्यासाठी लैंगिक गुलामगिरीत ढकलल्या गेलेल्या स्त्रियांच्या प्रश्नावर दोघंही आपापल्या देशासाठी बोलले आणि उठले. आठ महिन्यांनी ली वादग्रस्त दोक्दो बेटावर जाऊन उभे राहिले. पुढची तीन वर्षं दोन्ही देशांच्या नेत्यांची रीतसर द्विपक्षीय बैठक झाली नाही.

म्हणून भेट शेवटी ठेवायची. तिच्याआधीचं काम बरंच आहे, बहुतेक कागदाचं आहे आणि त्यात क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं. खाली तो क्रम दिला आहे. उदाहरण २०१८ ते २०२५ या काळाचं घेतलं आहे, कारण या सात वर्षांत संबंध पार तळाला गेले आणि परत वरही आले. दोन्ही प्रवासांच्या तारखा हाताशी आहेत.

आधी खतावणी मांडा

एका कागदावर प्रत्येक कुरापत, प्रत्येक उत्तर, त्याची तारीख आणि ते मागे घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे, एवढंच लिहा. २०१८-१९ची खतावणी अशी दिसते:

३० ऑक्टोबर २०१८: कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळातल्या सक्तीच्या मजुरीबद्दल जपानी पोलाद कंपनीला चार फिर्यादींना प्रत्येकी १० कोटी वॉन द्यायला सांगितलं. महिन्याभरात दुसऱ्या जपानी कंपनीविरुद्ध तसाच निकाल. जपानचं म्हणणं, हा हिशेब १९६५च्या कराराने मिटला आहे.

२० डिसेंबर २०१८: नोतो द्वीपकल्पाजवळच्या समुद्रात कोरियन विनाशिकेने आपल्या गस्ती विमानावर मारा-नियंत्रण रडार रोखल्याचा जपानचा आरोप. कोरियाचा इन्कार, आणि विमान धोकादायक उंचीवरून उडाल्याचा उलट आरोप.

४ जुलै २०१९: फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड, फोटोरेझिस्ट आणि हायड्रोजन फ्लोराइड या तीन मालांच्या कोरियाला होणाऱ्या निर्यातीसाठी जपानने प्रत्येक खेपेला स्वतंत्र परवाना लागू केला. २८ ऑगस्टपासून कोरिया जपानच्या विश्वासू देशांच्या यादीतून बाहेर.

२२ ऑगस्ट २०१९: लष्करी गुप्त माहितीच्या देवाणघेवाणीचा करार, म्हणजे जीसोमिया, संपवत असल्याची कोरियाची घोषणा. सप्टेंबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार आणि जपानलाही स्वतःच्या यादीतून वगळणं. नोव्हेंबरमध्ये करार संपायला काही तास उरले असताना ती घोषणा स्थगित.

या खतावणीत 'का केलं' हा रकाना ठेवू नका. निर्यात नियंत्रण हे सुरक्षेच्या कारणासाठी होतं, निकालाशी त्याचा संबंध नाही, अशी जपानची अधिकृत भूमिका होती. कोरियात ते सरळसरळ उट्टं काढणं मानलं गेलं. हेतूवर चर्चा सुरू केलीत तर ती कधीच संपणार नाही. आदेश मागे घ्यायला हेतू कबूल करावा लागत नाही, आणि सुटकेची वाट तिथेच आहे.

मग नोंदींचे तीन ढीग करा. पहिला ढीग एका खात्याच्या सहीने सुटणाऱ्या गोष्टींचा: परवाने, याद्या, तक्रार, जीसोमियाचं पत्र. दुसरा ढीग माणसं, पैसा आणि मान यांचा: सक्तीचे मजूर, 'कम्फर्ट विमेन'. तिसरा ढीग न सुटणाऱ्या गोष्टींचा, म्हणजे कोरियन ज्याला दोक्दो म्हणतात आणि जपानी ताकेशिमा, ते बेट. तिसऱ्या ढिगाला हात लावायचा नाही, पण त्याच्या आजूबाजूचं रोजचं काम अडू द्यायचं नाही. १९९८च्या मत्स्यव्यवसाय कराराने हे साधलं. बेट कोणाचं हे न ठरवता भोवती मधलं पाणी आखलं आणि तिथे ज्याची बोट त्याचा कायदा असं ठरवलं. मासे दोन्हीकडच्या कोळ्यांना मिळाले, आणि बेटावरचे दावे जिथल्या तिथे राहिले.

शब्द ठरवताना

दोन्ही राजधान्यांत या विषयावर काम करणाऱ्यांना १९६५च्या मूलभूत संबंध कराराचं दुसरं कलम पाठ असतं. १९१०चा कोरिया जपानमध्ये सामील करून घेण्याचा करार आणि त्याआधीचे करार 'आधीच रद्दबातल' आहेत, असं त्यात म्हटलं आहे. जपानी मसुद्यात यासाठी 'मोहाया' हा शब्द आहे. त्याचा रोख असा की कधीकाळी वैध होता, आता उरला नाही. कोरियन मसुद्यात 'इमि' आहे, आणि कोरियन वाचक तो 'मुळातच' असा वाचतो. तोक्योने आपल्या संसदेत एक अर्थ सांगितला, सोलने दुसरा. मतभेद झाल्यास इंग्रजी मसुदा प्रमाण मानायचा, हेही लिहून ठेवलं, आणि त्या मसुद्यातही संदिग्धता तशीच आहे. १९५१ पासून चाललेली चौदा वर्षांची बोलणी या एका शब्दाने पार पडली.

अशी संदिग्धता कधी वापरावी? इतिहासाचा अर्थ, सार्वभौमत्व, पदव्या अशा ठिकाणी ती उपयोगी पडते, कारण तिथे दोन्ही बाजूंना आपल्या घरी जाऊन काहीतरी सांगता यायला हवं. जिथे माणसाच्या हातात पैसे पडायचे असतात तिथे ती वापरू नका. १९६५च्याच दाव्यांच्या कराराने जपानने ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर सवलतीचं कर्ज दिलं, आणि दावे 'पूर्णपणे आणि अंतिमतः' मिटले असं लिहिलं. रक्कम वस्तू आणि सेवांच्या रूपात दहा वर्षांत आली आणि बरीचशी पायाभूत उभारणीत गेली. पोहांगचा पोलाद कारखाना त्यातूनच उभा राहिला. मृत मजुरांच्या वारसांना १९७५ नंतर प्रत्येकी ३ लाख वॉन मिळाले. जिवंत परतलेल्यांना काही नाही. 'दावे मिटले' म्हणजे नेमके कोणाचे आणि कशाबद्दलचे, हे मोकळं सोडलं होतं. ५३ वर्षांनी न्यायालयाने तिथेच बोट ठेवलं: बेकायदा वसाहती राजवटीतल्या अमानुष वागणुकीची भरपाई त्यात आलीच नव्हती.

त्यामुळे मसुदा लिहिताना दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. अर्थाची वाक्यं एका रंगाने, पैशाची आणि कृतीची दुसऱ्या रंगाने. दुसऱ्या रंगाच्या प्रत्येक वाक्यात कोण, कोणाला, किती, केव्हापर्यंत, कोणत्या खात्यातून ही पाचही उत्तरं यायला हवीत. एकही मोकळं राहिलं तर सही पुढे ढकला.

शब्दांची दुसरी बाजू १९९८च्या संयुक्त घोषणापत्रात शिकण्यासारखी आहे. ८ ऑक्टोबरला तोक्योत जपानचे पंतप्रधान केइझो ओबुची आणि कोरियाचे राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी सही केलेल्या या कागदात जपानने कोरियाच्या लोकांना झालेल्या यातनांबद्दल तीव्र पश्चात्ताप आणि मनापासून माफी व्यक्त केली. दोन देशांमधल्या अधिकृत कागदावर हे प्रथमच आलं. त्याच कागदात किम यांनी ते मोकळेपणाने स्वीकारलं आणि युद्धोत्तर जपानने जगात बजावलेल्या भूमिकेची कदर केली. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर होती. सोबत ४३ कामांची यादी जोडली होती, आणि त्याच महिन्यापासून कोरियाने जपानी चित्रपट-संगीतावरची बंदी टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात केली. एका देशाने माफी मागायची आणि दुसऱ्याने ती नुसती ऐकून घ्यायची, असा मसुदा कधीही नेऊ नका. घेणाऱ्याच्या तोंडीही एक वाक्य असलं पाहिजे, आणि ते आधी ठरलेलं असलं पाहिजे.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना आधी विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

२८ डिसेंबर २०१५ रोजी दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी सोलमध्ये पत्रकारांसमोर 'कम्फर्ट विमेन'च्या प्रश्नाचा 'अंतिम आणि अपरिवर्तनीय' तोडगा जाहीर केला. जपान सरकार १०० कोटी येन देणार, कोरिया प्रतिष्ठान काढणार. सही केलेला एकत्र कागद नव्हता, दोन तोंडी निवेदनं होती. हयात महिलांपैकी बहुसंख्यांनी रक्कम घेतलीही. पण बोलणी चालू असताना त्यांना विचारलं गेलं नव्हतं, आणि दोन वर्षांनी कोरिया सरकारच्याच तपासगटाने तसं नमूद केलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रतिष्ठान गुंडाळण्याची घोषणा झाली. जपानमध्ये याचा अर्थ असा लावला गेला की कोरियाशी केलेला करार टिकत नाही. पुढची पाच वर्षं प्रत्येक बैठकीत हे वाक्य आडवं येत राहिलं.

६ मार्च २०२३चा तोडगा यातून काही शिकला, काही नाही. न्यायालयात जिंकलेल्या १५ फिर्यादींची रक्कम जपानी कंपन्यांऐवजी कोरियातल्या प्रतिष्ठानाने द्यायची, असं ठरलं. पोहांगच्या पोलाद कंपनीने, म्हणजे पोस्कोने, ४०० कोटी वॉन घातले. १९६५च्या पैशातून उभी राहिलेली कंपनी म्हणून तिच्याकडून अपेक्षा होतीच. पहिल्या काही महिन्यांत १५ पैकी ११ जणांनी किंवा त्यांच्या वारसांनी रक्कम घेतली. चौघांनी नाकारली. मग प्रतिष्ठानाने ती रक्कम न्यायालयात जमा करण्याचा प्रयत्न केला, आणि न्यायालयांनी तो अर्ज स्वीकारला नाही. पुढे आणखी खटल्यांचे निकाल आले आणि प्रतिष्ठानाला पैसा अपुरा पडू लागला, कारण जपानी कंपन्यांनी त्यात काही घातलं नव्हतं.

म्हणजे घोषणेच्या आधी करायचं काम असं. प्रत्येक फिर्यादीच्या किंवा वारसाच्या घरी दोनदा जा. एकदा नुसतं ऐकायला, दुसऱ्यांदा मसुदा घेऊन. मागण्या वेगवेगळ्या लिहून घ्या: कोणाला रक्कम हवी असते, कोणाला कंपनीचं नाव पावतीवर हवं असतं, कोणाला माफीचं पत्र, कोणाला गावातल्या स्मारकावर वडिलांचं नाव. या चार गोष्टी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. जो रक्कम नाकारतो त्याच्यासाठी मसुद्यात स्वतंत्र मार्ग ठेवा. त्याचा हक्क शाबूत राहील असं लिहा आणि त्याच्यावर न्यायालयीन जमेची घाई करू नका. निधीची बेरीज आजच्या निकालांवर करू नका. खालच्या न्यायालयांत पडून असलेले सगळे खटले मोजा आणि तेवढ्याची तरतूद दाखवा.

वय लक्षात घ्या. हे फिर्यादी नव्वदीच्या पुढचे आहेत. सहा महिन्यांची दिरंगाई फायलीत किरकोळ वाटते, त्या घरात ती किरकोळ नसते.

पहिला ढीग सोडवण्याचा क्रम

आता व्यापार. इथे २०२३चं वेळापत्रक जवळजवळ जसंच्या तसं वापरण्यासारखं आहे.

१ मार्चला, म्हणजे कोरियाच्या स्वातंत्र्य चळवळीच्या स्मृतिदिनी, राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी जपानला भागीदार म्हटलं. पाच दिवसांनी मजुरांबाबतची घोषणा. त्याच दिवशी पंतप्रधान फुमिओ किशिदांनी १९९८च्या घोषणापत्रासह पूर्वीच्या मंत्रिमंडळांची भूमिका पुढे चालवत असल्याचं सांगितलं. १४ ते १६ मार्चला दोन्ही व्यापार खात्यांचे अधिकारी निर्यात नियंत्रणावर बसले. १६ मार्चला यून तोक्योत पोहोचले. कोरियन राष्ट्राध्यक्षाचा अशा द्विपक्षीय भेटीसाठीचा १२ वर्षांतला पहिला दौरा. तीन मालांवरची अट उठणार आणि व्यापार संघटनेतली तक्रार मागे जाणार, हे त्याच दिवशी जाहीर झालं आणि २३ मार्चला प्रत्यक्षात आलं. जीसोमिया मधल्या आठवड्यात पूर्ववत झाला. कोरियाने जपानला यादीत परत घेतलं २४ एप्रिलला, जपानने कोरियाला घेतलं २१ जुलैला.

या तारखांमध्ये तीन गोष्टी पाहा. अधिकाऱ्यांची बैठक नेत्यांच्या भेटीच्या तोंडावर संपली, म्हणजे नेत्यांना जाहीर करायला काहीतरी होतं. निर्यातीची अट आणि तक्रार एकाच दिवशी सुटली, त्यामुळे कोण झुकलं हा प्रश्न उरला नाही. यादीच्या बाबतीत मात्र कोरियाने तीन महिने आधी पाऊल टाकलं आणि 'आपणच का आधी' ही टीका देशात सोसली. एका बाजूने आधी हलणं चुकीचं नाही, पुष्कळदा तोच एकमेव मार्ग असतो. पण दुसऱ्या बाजूची तारीख आधीच लेखी हातात असावी आणि ती जाहीर करण्याची परवानगीही.

परवान्यांचं काम करताना कारखान्याच्या बाजूने विचार करा. स्वतंत्र परवान्याला ९० दिवसांपर्यंत लागू शकत होते. अतिशुद्ध हायड्रोजन फ्लोराइड चिपवरचे थर कोरायला आणि धुवायला लागतं. ते साठवून ठेवणं अवघड आणि धोक्याचं, म्हणून चिप कारखाने मोठा साठा ठेवत नाहीत. अशा मालावर तीन महिन्यांची अनिश्चितता आली की खरेदी विभाग दुसरा पुरवठादार शोधतो, आणि एकदा त्याची चाचणी होऊन तो पात्र ठरला की अट उठल्यावरही सगळी मागणी परत येत नाही. कोरियात स्थानिक उत्पादन वाढलं आणि जपानी पुरवठादारांच्या हातून काही बाजार गेला. पुढच्या वेळी व्यापाराचं हत्यार उचलायची भाषा कोणी काढली, तर त्याच्यासमोर आपल्याच देशातल्या पुरवठादारांचे विक्रीचे आकडे ठेवा. नैतिक उपदेशापेक्षा ते लवकर समजतात.

चलन अदलाबदलीच्या कराराचीही गोष्ट तीच. एका देशाच्या चलनावर ताण आला तर दुसरा डॉलर पुरवतो, अशी ही सोय. २०११ मध्ये तिची मर्यादा ७,००० कोटी डॉलरपर्यंत नेली होती. बेटाच्या वादानंतर ती आटत गेली आणि २०१५ मध्ये शून्यावर आली. २०१६ मध्ये नव्याने बोलणी सुरू झाली, ती बुसानच्या जपानी वाणिज्य दूतावासासमोर 'कम्फर्ट विमेन'चा पुतळा बसल्यावर जानेवारी २०१७ मध्ये जपानने थांबवली. अखेर २९ जून २०२३ रोजी १,००० कोटी डॉलरची सोय तीन वर्षांसाठी परत आली. रक्कम कोरियाच्या गंगाजळीच्या मानाने मोठी नाही. पण अर्थमंत्र्यांची खुर्ची परराष्ट्रमंत्र्यांच्या वादातून मोकळी झाली, हे तिचं मोल. करार लिहितानाच त्यात मुदत, नूतनीकरणाची तारीख आणि बैठकीचा महिना घाला. जे आपोआप चालू राहतं ते रागाच्या भरात तोडायला मुद्दाम निर्णय घ्यावा लागतो.

उद्योग संघटनांना सोबत घ्या, पण त्यांच्यावर इतिहासाचं ओझं टाकू नका. केइदानरेन आणि कोरियन उद्योग महासंघ यांनी मार्च २०२३ मध्ये तरुणांसाठी भागीदारी निधी जाहीर केला, जपानी बाजूने १० कोटी येन. विद्यार्थी देवाणघेवाणीसाठी चांगली सुरुवात. हा निधी म्हणजेच मजुरांची भरपाई, असं कोणी सुचवू लागलं की लगेच थांबवा, नाहीतर निधीही जातो आणि भरपाईही.

समुद्रातला वाद

रडारच्या प्रकरणात साडेपाच वर्षं दोन्ही बाजू आपापल्या चित्रफिती दाखवत राहिल्या. १ जून २०२४ रोजी सिंगापूरला संरक्षणमंत्री मिनोरू किहारा आणि शिन वोन-सिक यांनी ते मिटवलं ते 'खरं काय घडलं' हा प्रश्न बाजूला ठेवून. दोन्ही देशांचं म्हणणं जसंच्या तसं राहिलं. पुढे काय करायचं तेवढं ठरलं: समुद्रातल्या अनपेक्षित गाठीभेटींसाठी २०१४ मध्ये अनेक नौदलांनी मान्य केलेली आचारसंहिता पाळायची, सुरक्षित अंतर ठेवायचं, संपर्क ठेवायचा. सत्य शोधण्याची इच्छा सोडून देणं अवघड आहे, विशेषतः ज्यांनी ते विमान उडवलं किंवा ते जहाज चालवलं त्यांना. पण पुराव्यावर एकमत होणारच नसेल तर तपास लांबवल्याने पुढचा अपघात टळत नाही.

स्मरणसभेचा तपशील

मोठे करार टिकतात आणि छोटा समारंभ बिघडतो, असं इथे वारंवार होतं. जुलै २०२४ मध्ये सादो बेटावरच्या सोन्याच्या खाणीला जागतिक वारसा दर्जा मिळाला. कोरियाने संमती दिली ती दोन गोष्टींवर: कोरियन मजुरांची माहिती देणारं दालन आणि दरवर्षी स्मरणसभा. २४ नोव्हेंबरला पहिली सभा होती. आदल्या दिवशी कोरियाने माघार घेतली आणि २५ तारखेला मजुरांच्या जुन्या वसतिगृहाच्या जागी कुटुंबीयांसह वेगळी सभा घेतली. कारण काय? भाषणाच्या मजकुरावर एकमत झालं नव्हतं, आणि जपानी प्रतिनिधीचं नाव जेमतेम दोन दिवस आधी कळलं होतं. त्या व्यक्तीने यासुकुनी देवस्थानाला (इथे जपानच्या युद्धातल्या मृतांबरोबर युद्धगुन्हेगारांचंही स्मरण होतं) भेट दिल्याचं जुनं वृत्त फिरू लागलं. ते चुकीचं असल्याचं वृत्तसंस्थेने नंतर मान्य केलं, पण तोवर रिकाम्या खुर्च्यांची छायाचित्रं दोन्ही देशांत पोहोचली होती.

यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. समारंभाच्या दोन महिने आधी एक पानाचा कागद करा: तारीख, जागा, यजमान कोण, प्रतिनिधी कोणत्या दर्जाचा, भाषणाचा मजकूर, कुटुंबीयांचा खर्च कोण करणार, मौन केव्हा. प्रतिनिधीचं नाव महिनाभर आधी दुसऱ्या बाजूला कळवा आणि त्याची जुनी विधानं, भेटी स्वतः तपासा. भाषणात 'सक्तीने' हा शब्द येणार की नाही, हे सभेच्या आदल्या रात्री ठरवायचं नसतं. वारसा समितीत संमती देतानाच लिहून घ्यायचं असतं. हाशिमा खाणबेटाच्या वेळी, २०१५ मध्ये, माहिती केंद्राचं आश्वासन घेतलं पण जागा आणि मजकूर मोकळा सोडला. केंद्र २०२० मध्ये उघडलं ते बेटापासून शेकडो मैलांवर, तोक्योत, आणि २०२१ मध्ये समितीलाच त्याबद्दल तीव्र खेद नोंदवावा लागला.

भिंतीवर लावायची दिनदर्शिका

भेटींच्या तारखा ठरवण्याआधी हे दिवस लाल करा: २२ फेब्रुवारी (शिमाने प्रांताचा ताकेशिमा दिन), १ मार्च, मार्चअखेर (जपानी पाठ्यपुस्तकांच्या मंजुरीचे निकाल), एप्रिल (यासुकुनीचा वसंतोत्सव, जपानचं परराष्ट्र नीलपुस्तक, म्हणजे परराष्ट्र खात्याचा वार्षिक अहवाल), जुलै (संरक्षण श्वेतपत्रिका), १५ ऑगस्ट (जपानच्या शरणागतीचा आणि कोरियाच्या मुक्तीचा दिवस), ऑक्टोबरचा मध्य (यासुकुनीचा शरद उत्सव). यातले बहुतेक कागद दरवर्षी येतात आणि दरवर्षी त्यावर राजदूताला किंवा उपराजदूताला बोलावून निषेध नोंदवला जातो. २०२३ मध्ये शिखर भेटीनंतर अवघ्या १२ दिवसांनी पाठ्यपुस्तकांचे निकाल आले आणि यून यांच्या विरोधकांना आयता मुद्दा मिळाला. तारीख टाळता येत नसेल तर निदान दुसऱ्या बाजूला आदल्या दिवशी कळवा आणि निषेधाची पातळी दरवर्षी होते तेवढीच राहील असं ठरवून घ्या.

रोजचं येणंजाणं

इथे फार खटपट लागत नाही, लोक वाटच पाहत असतात. २०१८ मध्ये सुमारे ७५ लाख कोरियन जपानला गेले. बहिष्काराच्या वर्षात आकडा ५६ लाखांवर आला. २०२४ मध्ये तो ८८ लाखांवर पोहोचला. सरकारने फक्त वाट रुंद करावी. संबंधांच्या साठाव्या वर्षानिमित्त जून २०२५ मध्ये हानेदा, फुकुओका, गिम्पो आणि गिम्हे या चार विमानतळांवर एकमेकांच्या नागरिकांसाठी महिनाभर वेगळी रांग ठेवली. ती कायमची करणं हे सोपं आणि डोळ्यांना दिसणारं काम आहे.

चीनसोबतचं तिघांचं टेबल

दोघांचं बोलणं बंद पडलं की तिसरी खुर्ची उपयोगी येते. चीन, जपान आणि कोरियाचं त्रिपक्षीय सचिवालय २०११ पासून सोलमध्ये आहे. खर्च तिघांत समान, महासचिवपद दोन वर्षांनी फिरतं. शिखर परिषद डिसेंबर २०१९ नंतर साडेचार वर्षं झाली नाही, तरी आरोग्य, पर्यावरण, आपत्ती यांवरच्या अधिकाऱ्यांच्या बैठका चालू राहिल्या आणि मे २०२४ मध्ये सोलला परिषद पुन्हा भरली. तिघांचा स्वतंत्र मुक्त व्यापार करार बरीच वर्षं रखडला आहे, पण २०२२ पासून लागू झालेल्या आरसेपमुळे, म्हणजे आशिया-प्रशांतमधल्या अनेक देशांच्या व्यापार करारामुळे, जपान आणि कोरिया पहिल्यांदाच एका व्यापार करारात आले. छोट्या निर्यातदाराने त्यातलं मूळ देशाचं प्रमाणपत्र वापरायला शिकावं. शुल्क सवलत कागदावर असते, पण अर्ज न केल्याने ती अनेकांच्या हातून जाते.

सरकार बदललं तर

ली जे-म्युंग विरोधी पक्षात असताना २०२३च्या तोडग्यावर कडाडून तुटून पडले होते. जून २०२५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या आधी तोक्योला गेले, तेव्हाचे जपानचे पंतप्रधान शिगेरू इशिबांना भेटले आणि १७ वर्षांनी दोन्ही देशांचा संयुक्त मजकूर निघाला. सप्टेंबरच्या शेवटी इशिबा बुसानला गेले. ऑक्टोबरमध्ये साने ताकाइची पंतप्रधान झाल्या आणि त्याच महिन्यात ली यांना ग्योंग्जूला भेटल्या. येण्याजाण्याची ही सवय टिकली, कारण तोवर ती व्यक्तींच्या मैत्रीवर राहिली नव्हती. विरोधी पक्षनेत्यांना मसुदा घोषणेच्या आधी दाखवा, टीका करतील तरी दाखवा; उद्या त्यांनाच तो चालवायचा असतो.

पुढची कसोटी तारखेसह ठरलेली आहे. क्यूशूच्या नैऋत्येला, पूर्व चीन समुद्रात, तेल-वायूच्या शोधासाठी दोन्ही देशांनी १९७४ मध्ये संयुक्त विकास क्षेत्र आखलं. करार २२ जून १९७८ रोजी ५० वर्षांसाठी लागू झाला. दोन्ही बाजूंच्या परवानाधारकांनी मिळूनच काम करायचं अशी अट असल्याने एक जण थांबला की दुसऱ्यालाही थांबावं लागतं, आणि तसंच झालं. दरम्यान समुद्री कायद्याचा कल भूखंडमंचाकडून, म्हणजे देशाच्या जमिनीच्या पाण्याखालच्या विस्ताराकडून, किनाऱ्यापासूनच्या अंतराकडे गेला, आणि तो जपानला सोयीचा आहे. २२ जून २०२५ पासून कोणीही तीन वर्षांची नोटीस देऊन करार संपवू शकतं, म्हणजे लवकरात लवकर २०२८ मध्ये. नोटीस आली तर क्षेत्र रिकामं होईल आणि चीनचे दावे तिथे पुढे सरकतील, हे दोघांनाही माहीत आहे. यावर आत्ताच अधिकाऱ्यांचा गट बसवा: जुन्या सर्वेक्षणाची माहिती एकमेकांना दाखवायची, एका लहान पट्ट्यात नवं भूकंपीय सर्वेक्षण करायचं, खर्च निम्मा-निम्मा. नोटीस देण्याआधी सहा महिने दुसऱ्या बाजूला सांगायचं, एवढं तरी आधी लेखी घ्या.